न वाजलेली बेल

आमच्या वर्कशॉपमध्ये पडदे शिवतात. हॉटेलांचे, दवाखान्यांचे, नाटकाच्या थिएटरांचे. सकाळभर मशिनं चालतात, तेव्हा कोणी कोणाशी बोलत नाही, नुसतं ओरडतं. डबे खाऊन झाले की मात्र तासभर मशिनं बंद ठेवून हातशिलाई. जाड पडद्याची खालची दुमड मशिनवर घातली तर पडदा आखडतो, सरळ पडत नाही, म्हणून ती हातानेच घालावी लागते. त्या वेळी इतकं शांत असतं की मावशींच्या इस्त्रीतून निघणारी वाफसुद्धा ऐकू येते.

तेव्हाच आम्ही वाचतो. म्हणजे एक वाचते, बाकीच्या शिवता शिवता ऐकतात, आणि वाचणारीच्या वाटणीची दुमड आपापसात वाटून घेतात. ही पद्धत मी इथे लागले त्याच्याही आधीपासूनची. वाचते ती रेडिओ. तिचं खरं नाव हजेरीत आहे, ते तिथेच राहू दे. रेडिओच्या पुस्तकातला खलनायक बोलायला लागला की कटिंग मास्तरांची कात्री थांबते. मास्तर आमचं ऐकत नाहीत, असं त्यांनी स्वतःच आम्हाला पुष्कळदा सांगितलंय.

वाचणारीला एक हक्क असतो. कंटाळवाणा भाग तिने गाळायचा. लेखक डोंगराचं वर्णन करायला बसला की रेडिओ म्हणते, "इथे डोंगर आहे," आणि पुढे जाते. एकदा तिने एक अख्खी लढाई गाळली. नायक लंगडत घरी आला तेव्हा कुठे आम्हाला कळलं की मध्ये काहीतरी झालं असावं. पण तक्रार कोणाचीच नव्हती. आमची पुस्तकं जाड असतात, उशाला घेता येतील अशी, आणि त्यांच्यातलं थोडं गेलं तरी त्यांना पत्ता लागत नाही.

मावशींनी आणलेलं पुस्तक अगदी बारीक होतं. मावशी म्हणजे आमच्या इस्त्रीवाल्या, सगळ्यांत जुन्या. त्यांनी ते प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढून रेडिओच्या पुढ्यात ठेवलं आणि म्हणाल्या, "आता हे वाच."

"हे पुस्तक आहे की पुस्तकाचं पिल्लू?" सासूबाई म्हणाली. ही आमच्यात सगळ्यांत लहान, नुकतं लग्न झालेली. तिचं प्रत्येक वाक्य 'आमच्या सासूबाई' असं सुरू होतं म्हणून हे नाव पडलं.

पहिली गोष्ट अशी होती. एक माणूस चष्म्याच्या दुकानात जातो. वडिलांनी दुरुस्तीला टाकलेला चष्मा न्यायचा असतो. दुकानदार म्हणतो, घालून बघा, सैल नाही ना. वडील आता नाहीत हे माणूस सांगत नाही. चष्मा घालतो. दुकानदार त्याच्या कानामागची दांडी नीट बसवून देतो. माणूस तसाच बाहेर पडतो आणि त्या धूसर रस्त्यावरून, भिंतीला हात लावत लावत, घराकडे चालू लागतो.

रेडिओने पान उलटलं, मग परत मागे उलटलं.

"संपली," ती म्हणाली.

"काय संपली?"

"गोष्ट."

"पान फाटलंय का बघ."

"नाही फाटलेलं. उलट निम्मं पान कोरं आहे."

"निम्मं कोरं ठेवून हा इथे थांबला?" सासूबाईने सुई वर धरली. "आणि पुढे? घरी पोचला का? कुठे आपटला तर?"

दुसऱ्या गोष्टीत एक बाई शेजारणीचं पातेलं परत द्यायला जाते, तर दाराला कुलूप. शेजारीण सामान हलवून गेलेली, न सांगता. बाई पातेलं पायरीवर ठेवून येते. सकाळी ते तिथेच असतं. संपली गोष्ट.

"मी म्हणते, याला लिहिताना मध्येच कोणी हाक मारत असेल का?" मी म्हणाले. मला वाटलं होतं हसतील, आणि हसल्यासुद्धा.

"हाक कसली," सासूबाई म्हणाली. "आमच्या सासूबाई म्हणतात, पोराला अर्धं ताट टाकून उठायची सवय लागली की ती जन्मभर जात नाही. याच्या आईने वेळेवर दोन ठेवून द्यायला हव्या होत्या."

"दिल्या होत्या," इस्त्रीच्या टेबलावरून मावशी म्हणाल्या. "उपयोग झाला नाही."

आम्ही सगळ्यांनी एकदम माना खाली घातल्या आणि कधी नव्हे ते टाके बारीक घालू लागलो.

मग त्यांनीच सांगितलं. मुलगा बाहेर दुसऱ्या शहरात असतो, एकटाच. नोकरी कसलीतरी कॉम्प्युटरवरची. आठवड्यातून एकदा, आमच्या डब्यांच्या वेळेला, फोन करतो. जेवलीस का, जेवले, तू, हो, बरं ठेवतो. एवढंच. आणि आता हे त्याचं पुस्तक आलं. सोबत काही लिहिलेलं नाही. फोनवर तेवढं म्हणाला, आई, जमलं तर कोणाकडून वाचून घे, आणि कसं वाटलं सांग.

"मला अक्षरं येतात," मावशी म्हणाल्या, "पण ओळी येत नाहीत." पाट्या, बसवरचे बोर्ड, कापडावरच्या धुण्याच्या सूचना त्या वाचतात. लांब ओळ असली की शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात निसटते. "कसं वाटलं, असं त्याने मला आजवर कधी विचारलेलं नाही. घर सोडून गेला तेव्हाही नाही, नोकरी धरली तेव्हाही नाही. पहिल्यांदाच विचारतोय. तर मला काहीतरी नीट सांगायचंय."

सासूबाईचे कान लाल झाले होते. ती म्हणाली, "मावशी, माझं मनावर घेऊ नका हं. पातेल्याची बरी होती." मावशी म्हणाल्या, "पातेलं मला पण नाही कळलं," आणि त्यांनी इस्त्री उचलली.

दुसऱ्या दिवसापासून गोष्टी सुधारल्या.

एका गोष्टीत भांडलेले दोन भाऊ एकाच बाकावर बसून बसची वाट बघत असतात, आणि बस येते तेव्हा धाकटा थोरल्याची बॅग उचलतो. एकीत कुत्रा हरवतो, पण शेवटी सापडतो. सासूबाई त्या दिवशी डबा धुताना गाणं म्हणत होती. आणि एकीत निवृत्त झालेले एक मास्तर, शाळेतले, आमच्यासारखे कटिंगचे नव्हेत, ते मुलगी येणार म्हणून खोली आवरतात. दिवसभर खिडकीशी बसतात. ती येत नाही, येत नाही, अंधार पडतो, आणि ते अगदी दिवा मालवायला उठतात तेवढ्यात दारावरची बेल वाजते. आम्ही सगळ्या रडलो. मास्तर, आमचे, नाक शिंकरायला बाहेर गेले. धूळ फार होती म्हणे.

पोराचा हात पहिल्या दोन गोष्टींत बसला नव्हता, आता बसलाय, असं आमचं सगळ्यांचं मत पडलं. मावशींच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं होतं. "म्हणजे तो तिथे बरा आहे," त्या मला म्हणाल्या. "आतून वाईट असता तर असं सुचलं नसतं, नाही का गं?" मी म्हटलं, नसतंच सुचलं.

पुस्तक संपलं त्याच आठवड्यात त्याचा फोन आला. मावशी फोन स्पीकरवर ठेवतात, हात मोकळे राहावेत म्हणून. एरवी आम्ही ऐकत नाही. त्या दिवशी एकीनेही घास चावला नाही.

"जेवलीस?"

"जेवले. तू?"

"हो. बरं—"

"अरे थांब. ऐकलं मी पुस्तक."

तिकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग, "सगळं?"

"सगळं. मला ती फार आवडली, वडिलांची. मुलगी येणार म्हणून आवरतात ती."

"खरंच?" आवाज एकदम लहान मुलासारखा झाला. त्याची वाक्यं एरवी पडद्याच्या कडीएवढी असतात. आता तो भरभर बोलायला लागला. "मला पण ना, आई, तीच एक जमली असं वाटतं. बाकीच्यांचं मला नक्की नाही सांगता येत. ती लिहायला फार दिवस लागले. काय आवडलं तुला त्यात?"

"शेवट," मावशी म्हणाल्या. "मला वाटलं आता काही ती येत नाही. आणि तेवढ्यात बेल वाजते. रडूच आलं बघ मला."

तिकडे रस्त्यावरची एक गाडी गेलेली आम्हाला ऐकू आली.

"आई, बेल नाही वाजत."

"वाजते रे. अगदी शेवटाला."

"मीच लिहिलंय ना आई."

मावशींनी आमच्याकडे पाहिलं. मी पाण्याची बाटली उघडली आणि तशीच धरून बसले.

"असू दे," तो म्हणाला. आवाज परत होता तसा झाला होता. "ऐकलं नसेल तरी चालेल, खरंच. तुला कामातून कुठे वेळ. मी उगाच विचारलं. ठेवतो."

फोनचा पडदा काळा झाला. मावशी त्याच्याकडे बघत राहिल्या.

"मी वाजवली," रेडिओ म्हणाली.

कोणाला आधी कळलंच नाही.

"बेल. मी वाजवली. तो म्हातारा तिथे बसलेला, आणि पुढे कोरं पान. मला त्याला तसं टाकून पान उलटवेना. शिवाय मावशी, तुम्ही समोर उभ्या, आणि ह्या आदल्या दिवशी खिदळत होत्या तुमच्या पोरावर. गाळायचा हक्क आहे ना मला? पण ह्यात गाळायला आहे काय? म्हणून मी घातलं."

"सगळ्यांत?" मी विचारलं.

"चष्मा आणि पातेलं सोडून."

"ते भाऊ? तो बॅग उचलतो ते?"

"नाही उचलत. दोघं वेगवेगळ्या दारांनी बसमध्ये चढतात."

"आणि कुत्रा?" सासूबाई.

रेडिओने मान हलवली.

"कुत्रा पण नाही?" सासूबाईचा आवाज चिरकला. "अगं, मी घरी जाऊन सासूबाईंना सांगितलंय सापडला म्हणून."

एरवी यावर हसू फुटलं असतं. मावशी इस्त्रीकडे वळल्या. एका अख्ख्या पडद्यावर त्यांनी वरपासून खालपर्यंत इस्त्री फिरवली, काठ धरून, अजिबात घाई न करता. मग इस्त्री उभी केली.

"त्याला वाटतंय मी ऐकलंच नाही आणि ऐकलं म्हणून सांगतेय," त्या म्हणाल्या. "एकदा विचारलं त्याने. आता परत विचारायचा नाही. मी ओळखते त्याला."

"मी बोलते त्याच्याशी," रेडिओ म्हणाली. "नंबर द्या. मी सांगते माझं चुकलं."

"तू काही बोलू नकोस. तू वाच. लिहिलंय तेवढंच. कमी नाही, जास्त नाही."

दुसऱ्या दिवशी रेडिओने वाचलं. तिचा तो खलनायकाचा आवाज तिने बाजूला ठेवला होता. दुकानदार दोरा मोजतो तशी ती एकेक वाक्य वाचत होती. वडिलांची गोष्ट आली तेव्हा मी सुई खाली ठेवली. ती अशी आहे:

मुलगी येणार होती. वडिलांनी पलंगावर धुतलेली चादर घातली. खुर्ची खिडकीशी नेली. दोन माणसांपुरतं जेवण केलं. दुपारची बस आली आणि गेली. संध्याकाळची आली. खाली उतरलेल्या बाईने वर पाहिलं, ती दुसऱ्या घरची होती. रात्री त्यांनी अर्धं खाल्लं आणि अर्धं झाकून ठेवलं. स्वतःचं ताट धुतलं. ते आपल्या जुन्या गादीवर, खाली निजले. सोमवारी त्यांनी दुधाची एकच पिशवी घेतली.

रेडिओने पुस्तक मिटलं नाही. मोकळ्या भागावर बोट ठेवून ती बसून राहिली.

"ती आली नाही, असं कुठे म्हटलंय?" सासूबाईने विचारलं.

"कुठेच नाही."

"मग आपल्याला कसं कळलं?"

"दुधावरून," मी म्हणाले.

"म्हणजे रविवारी दोन घेतल्या होत्या."

"घेतल्याच असणार."

"दुकानदाराने विचारलं नाही," मावशी म्हणाल्या. "आज एकच का, असं. त्याला सवय असेल. आधीही असं झालं असेल."

हे मात्र मला सुचलं नव्हतं. आम्ही सगळ्या त्या दुकानदाराकडे बघत राहिलो, जो गोष्टीत नाहीच.

"चादर काढली नाही त्यांनी," कटिंगच्या टेबलामागून आवाज आला. मास्तरांनी कात्री हातात धरली होती, पण समोर कापड नव्हतं. "खाली निजले, पण पलंगावरची चादर तशीच ठेवली. काढली असती तर, म्हणजे, मग काही राहिलंच नसतं." मग त्यांना आठवलं की ते ऐकत नाहीत, आणि ते टेप शोधायला लागले.

मी इथे एक सुंदर वाक्य बोलणार होते, की चांगल्या दुमडीचा टाकाही पुढून दिसत नाही वगैरे. पण तोंडं बघून कळलं की ते सगळ्यांनाच सुचलंय आणि सगळ्याच गिळतायत. मीही गिळलं.

एक गोष्ट मात्र खरी. बेल वाजली होती त्या दिवशी आम्ही डोळे पुसले, डबे धुतले आणि विसरलो. ह्या वेळी म्हातारा माझ्याबरोबर बसमध्ये बसला. घरी भांडी घासताना तो ओट्याशी उभा होता. नवऱ्याने विचारलं, कसला विचार करतेस, तर मी म्हटलं, एका माणसाकडे दुसऱ्या माणसाचं जेवण उरलंय. नवरा घाबरून म्हणाला, आपल्याकडे? त्याला मी चष्म्याचीही गोष्ट सांगितली. तो ऐकून उठला आणि स्वतःच्या वडिलांचं घड्याळ, जे कधीचं बंद आहे, फळीवरून काढून उगाच पुसत बसला. तीच गोष्ट आम्ही पान फाटलंय म्हणून हसण्यावारी नेली होती.

पुस्तक परत पहिल्यापासून वाचून झालं. भाऊ वेगवेगळ्या दारांनी चढले. कुत्र्याची साखळी खुंटीला राहिली, आणि सासूबाईने ते घरी कळवलं नाही. पातेल्याच्या गोष्टीला मावशींनी मान हलवली, म्हणाल्या, "तिला पातेलं द्यायचं नव्हतंच. तिला फक्त विचारायचं होतं, मला का सांगितलं नाहीस."

फोनचा दिवस आला. डबे उघडले, डबे संपले. फोन वाजला नाही.

"तुम्ही करा," सासूबाई म्हणाली.

"करून काय सांगू?"

ह्यावर सगळ्यांकडे सूचना होत्या. सासूबाई म्हणाली, सांगा की काळजाला भिडलं. मावशी म्हणाल्या, असं मी जन्मात बोलले नाही, त्याला वाटेल मला ताप आलाय. मी म्हटलं, शैली आवडली म्हणा. मावशींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी धाग्याचं टोक शोधायला लागले. रेडिओ सुईत दोरा ओवत होती. शेवटी म्हणाली, "बेल माझी होती हे सांगा. बाकी मला तुमच्यासाठी काही सुचवायचं नाही."

मावशींनी फोन लावला. ह्या वेळी स्पीकरवर नाही, कानाला. त्यामुळे पुढचं आम्हाला एकाच बाजूने ऐकू आलं.

"मी बोलतेय. कामात आहेस? ... नाही, नाही, तब्येत बरी आहे. ऐक. ती बेल आमच्या इथल्या वाचणारीने घातली होती. स्वतःच्या मनाची. ... हो. ... अरे, त्या म्हाताऱ्याचं वाईट वाटलं तिला. ... हसतोस काय?"

रेडिओने पहिल्यांदाच मान वर केली.

"आता नीट ऐकलं. सगळ्या. चष्म्याची पण, परत. ... बाबांना तर चष्माच नव्हता. ... हो का? मनानेच? मला वाटलं तू कोणाचा तरी बघितला असशील."

मग त्या थांबल्या. रिकामा हात त्यांनी टेबलावरच्या कापडावरून फिरवला, सुरकुती नव्हती तरी. आम्हाला वाटलं आता त्या सांगणार, आवडलं, छान आहे, काहीतरी.

"तू तिथे दूध किती घेतोस?" त्यांनी विचारलं.

पलीकडे तो काय म्हणाला, किंवा किती वेळ काहीच म्हणाला नाही, ते माहीत नाही. मावशींनीही घाई केली नाही. घाई न करणं त्यांना येतं, ओल्या कापडावर इस्त्री करणाऱ्या बाईला ते यावंच लागतं. मग त्या म्हणाल्या, "हं." थोड्या वेळाने परत, "हं." एकदा, "मग सुट्टीच्या दिवशी?" आणि त्यानंतर पुष्कळ वेळ नुसता फोन कानाशी. तो बोलत होता. त्यांच्या खांद्यावरून कळत होतं की तो बोलतोय आणि थांबत नाहीये.

मशिनं सुरू करायची वेळ होऊन गेली होती. मास्तर मेन स्विचपाशी उभे होते, पाठ आमच्याकडे करून.

"बरं," शेवटी मावशी म्हणाल्या. "नाही, मी नाही ठेवत. तू ठेव." आणि त्याने ठेवल्यावरही त्यांनी फोन लगेच खाली घेतला नाही.

"काय म्हणाला?" सासूबाईने विचारलं.

"बरंच."

"म्हणजे काय?"

मावशींनी इस्त्री हातात घेतली, पाणी आहे का ते हलवून पाहिलं. "मास्तर, पुढच्या आठवड्यात मला रजा लागेल. चार-पाच दिवस. पोराकडे जाऊन येते."

"बोलावलं त्याने?" सासूबाई म्हणाली.

"नाही."

"मग?"

मावशींनी इस्त्री पडद्यावर टेकवली. मास्तर म्हणाले, "या ना जाऊन," आणि त्यांनी स्विच दाबला.